लॅब उघडी होती

मॅडम गेल्या तेव्हा लातूरच्या एका पेपरात त्यांच्याबद्दल चार ओळी आल्या. माझ्या भाचीनं त्याचा फोटो काढून मला इकडे पाठवला. इकडे म्हणजे तिरुपूरला, तमिळ मुलखात. इथल्या एका कापडरंगाईच्या कारखान्यात मी काम करते. 'शांत, सोज्वळ आणि मनमिळाऊ स्वभावाच्या प्राध्यापिका' असं त्यात छापलं होतं. वाचून मला रडू यायच्या आधी राग आला.

मॅडम शांत नव्हत्या. मनमिळाऊ तर बिलकुल नव्हत्या. प्राचार्यांपासून पुढाऱ्यांपर्यंत कुणाशी त्यांचं भांडण झालं नाही असं मला तरी आठवत नाही. आणि बाई गेली म्हणून तिला आता शांत करून टाकायचं, हे मला चालणार नाही. म्हणून हे लिहायला बसले.

मी सहावीतून शाळा सोडलेली बाई. लिहिताना धाकधूक होते. मराठी चुकेल, कुणी म्हणेल हिला रसायनशास्त्रातलं काय कळतं. नाही कळत. पण मॅडमकडून लोकांना एकच गोष्ट हिसकावून घ्यायची होती, त्यांची लॅब. ती लॅब रोज सकाळी कोण उघडत होतं आणि तिला कुलूप लावायला कोण निघालं होतं, ते मला माहीत आहे. कारण चाव्या माझ्याकडे होत्या.

माझं माहेर नांदेडचं. अब्बा रंगारी. साड्या, ओढण्या, फेटे रंगवून द्यायचे. अम्मी आजारी पडली आणि रंगाच्या कढईजवळ हात कमी पडायला लागले, तेव्हा माझी शाळा सुटली. लग्न होऊन जळकोटला गेले. नवरा हैदराबादला कामाला म्हणून गेला, त्याचा निरोप आला तो सोडल्याचाच. माहेरी परत जायची लाज वाटली, म्हणून लातूरला खालाकडे, म्हणजे मावशीकडे आले. खालाच्या शेजारी कॉलेजचा शिपाई राहायचा. त्यानं सांगितलं, केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये काचा धुवायला बाई पाहिजे. खाला म्हणाली, "जा, लेकिन वो मॅडम लई गुस्सेवाली है. जबान संभाल के."

मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. सुती साडी, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, बोटांवर ॲसिडचे पिवळे डाग. विचारलं, "काच फोडशील का?"

मी घाबरून खरं बोलले. "फोडंन मॅडम."

"आधीची म्हणाली होती, नाही फोडणार. ये उद्यापासून."

मॅडम उदगीरच्या. घरचं किराणा दुकान, घरात आईशी कानडी बोलायच्या. आमच्या भागात तोवर रसायनशास्त्रात एम. एस्सी. केलेली बाई नव्हती, मग पीएच. डी. तर लांबच. मॅडम पहिल्या. विद्यापीठात त्यांच्या सरांनी त्यांना एकदम दाराजवळचं टेबल दिलं होतं. म्हणे, तुमचं लग्न झालं की तुम्ही जाणारच, दार जवळ असलेलं बरं. हे सांगताना मॅडम मोठ्यानं हसायच्या. "दाराजवळ हवा चांगली यायची. आतले सगळे खोकत होते, मी नाही."

पीएच. डी. साठी त्यांनी मराठवाड्यातल्या विहिरींचं पाणी तपासलं. बाटल्यांची पेटी घेऊन एसटीनं एकट्या हिंडायच्या. उमरी, हिमायतनगर, कुठं कुठं. कंडक्टर विचारायचा, "काय हाय ह्याच्यात? दारू हाय का?" मॅडम म्हणायच्या, "तुमच्या गावचं पाणी आहे. दारूपेक्षा वाईट असू शकतं." गावात बोलायचे की ह्या बाईचं लग्न बाटल्यांशी लागलंय. ते त्यांनीच मला सांगितलं. वर म्हणाल्या, "बाटल्या निदान धुतल्या की स्वच्छ होतात."

कॉलेजात शिकवायला आल्या तेव्हा ते मुलींपुरतंच होतं आणि संस्थेचं म्हणणं होतं की मुलींना गृहशास्त्र पुरे आहे, लॅब कशाला? मॅडमनी मागच्या बाजूचं पडीक गोदाम मागून घेतलं. त्यातली पोती बाहेर काढली, ओटे बांधून घेतले, नळ आणले, गॅस आणला. ती त्यांची लॅब. रस्त्याला लागून, ऐसपैस, दोन्ही बाजूंनी खिडक्या. पुढं ह्या ऐसपैस असण्यावरच लोकांचा डोळा गेला.

मी कामाला लागले त्या महिन्यातच मॅडमचा मार खाता खाता वाचले. मुलींना ओळखायला एक पांढरा क्षार दिला होता. एका मुलीला काही केल्या ओळखता येईना, ती रडकुंडीला आलेली. आमच्याकडे रंगाऱ्याच्या घरात पाणी जिभेवर धरूनच बघतात. तुरटी किती पडली, कढईतला रंग चढला का उतरला, सगळं जीभ सांगते. अब्बांची जीभ कायम काळी-निळी. मी सवयीनं चिमूटभर क्षार उचलला आणि तोंडात टाकला. "तुरटी हाय गं, लिही."

मॅडम लांबूनच ओरडल्या आणि धावत येऊन त्यांनी माझा हात धरला. मला नळापाशी ओढत नेलं, चूळ भरायला लावली, पुन्हा भरायला लावली.

"पुढच्या बाटलीत पारा असता तर? शिसं असतं तर? जीभ तुझी आहे म्हणून तिला काहीही चाटायला द्यायचं?"

"आमच्यात चाखूनच बघतेत मॅडम."

"तुझ्या वडलांना सांग, आजपासून बंद. आणि तू ऐक. जे डोळ्यासमोर झालं तेच खरं. चवीला छान लागलं म्हणून खरं नाही. कुणी मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून पण नाही. मी सांगितलं म्हणून तर मुळीच नाही."

अब्बांना मी सांगितलं. ते हसले आणि चाखत राहिले. पण माझी सवय तुटली.

मग तो भूकंप झाला. लातूर शहरात आम्ही वाचलो, पण औसा-निलंग्याकडची गावंच्या गावं बसली. त्याबद्दल खूप लोकांनी लिहिलंय, मी काही वेगळं सांगणार नाही. मी सांगते ते पाण्याचं. लॅबमधल्या अर्ध्याअधिक काचा फुटून फरशीभर पसरल्या होत्या. मी झाडू घेतला तर मॅडम म्हणाल्या, "झाडू राहू दे. ज्या बाटल्या उरल्यात त्या धू. आपल्याला जायचंय."

वाचलेल्या लोकांना माळावर पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवलं होतं. पाण्याची टाकी बसवली होती, त्यात ब्लीचिंग पावडर टाकत. बायका ते पाणी प्यायला तयार नव्हत्या. एक म्हातारी होती, घरातली तीन माणसं गेलेली. ती मला म्हणाली, "दवाखान्याचा वास येतो गं माय. घशाखाली उतरंना. आमाला मारायलाच आणलंय का हितं?"

शेडमध्ये जुलाब-उलट्या सुरू झाल्या होत्या आणि सगळे म्हणत होते की पावडरीनंच होतंय. त्याच दिवशी एक पुढारी आले, सोबत फोटोवाला. मॅडमना म्हणाले, "तुम्ही सगळ्यांसमोर एक गिलास प्या. तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईनं पिलं तर लोकांचा विश्वास बसंल."

"मी नाही पिणार," मॅडम म्हणाल्या.

पुढाऱ्यांनी हळू आवाजात विचारलं, "म्हणजे पाणी खराब हाय?"

"पाणी चांगलं आहे. पण माझ्या पिण्यानं ते चांगलं ठरत नाही. आज मी पिऊन दाखवलं म्हणून ही माणसं पिली, तर उद्या दुसरा कुणी गटाराचं पिऊन दाखवंल, ते पण पितील. माझ्या पोटावर कशाला विश्वास ठेवायचा त्यांनी?"

"मॅडम, टाइम कमी हाय."

"तुम्हाला असेल. ह्यांना इथंच राहायचंय."

मग त्यांनी म्हातारीला पुढं बोलावलं. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घेतलं, छोट्या बाटलीतून औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. दुसऱ्या नळीत पावडर न टाकलेलं पाणी घेतलं, तेच थेंब टाकले. ते होतं तसंच राहिलं. मॅडम म्हणाल्या, "पिवळं झालं म्हणजे पावडर शिल्लक आहे. शिल्लक आहे म्हणजे किडे मेलेत. मला विचारू नका, तुम्हीच टाकून बघा."

म्हातारीनं टाकून बघितले. नळी उजेडाला धरली. "अगं, हळद लागली की पाण्याला."

मागून एक बाई बोलली, "मग आता वरात काढा त्याची." आणि बायका हसल्या. इतक्या दिवसांनी त्या शेडमध्ये कुणी हसलं असेल. फोटोवाल्यानं कॅमेरा उचलला तर मॅडमनी हातानं खाली करायला लावला.

पण आजार काही थांबला नाही. पुढच्या खेपेला मॅडम टाकीपाशी गेल्याच नाहीत. सरळ शेडमध्ये शिरून घरोघरच्या घागरीतलं पाणी तपासायला लागल्या. टाकीच्या पाण्याला हळद लागत होती, घागरीतल्या पाण्याला लागत नव्हती. एका घरात नाही, दुसऱ्यात नाही, म्हातारीच्याही घरात नाही.

मॅडम तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "आजी, ह्याच्यात काय मिसळता?"

"काई न्हाई."

"आजी."

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. "तांब्याभर आडाचं घालतो. चवीपुरतं."

आड म्हणजे त्यांच्या बसलेल्या गावातली जुनी विहीर. घरं गेली, माणसं गेली, पण आडाला पाणी होतं. तरणी पोरं रोज ढिगाऱ्यांमधून वाट काढून ते आणायची. प्रत्येक घरात एक कळशी. टाकीच्या घागरीत त्यातला एक तांब्या, म्हणजे पाणी गोड लागतं, म्हणजे गावचं लागतं. त्या आडात काय काय पडलं होतं ते मी लिहीत नाही.

सोबतचा सरकारी माणूस चिडला. "तरी मी म्हणून राहिलो होतो, ह्या लोकांना सांगून उपयोग न्हाई. आड बुजवून टाकू. उद्याच मशिन आणतो."

म्हातारी एकदम उठली. तिच्या आधी मॅडमच बोलल्या.

"बुजवायचा नाही. उपसायचा. गाळ काढायचा, पावडर टाकायची, पुन्हा उपसायचा. हळद लागेपर्यंत."

"मॅडम, कोण करणार हे?"

"ज्यांचा आड आहे ते. आणि थेंबाची बाटली ह्या आजींकडे राहील. त्यांना हळद दिसली तर पाणी प्यायचं, नाही दिसली तर नाही."

"ह्या अडाणी बाईकडं?"

"रंग ओळखायला कुठली शाळा लागते? लग्नाला गेला नाहीत का कधी?"

आड उपसला. म्हातारीनं बाटली कमरेला पिशवीत बांधून ठेवली, कुणाला हात लावू देत नव्हती. पुढं त्या सरकारी साहेबानं मॅडमपुढं एक कागद धरला की तालुक्यातल्या सगळ्या शेडचं पाणी पिण्यालायक आहे, सही करा. मॅडमनी फक्त आपण गेलो त्या गावांची नावं हातानं लिहिली आणि तेवढ्यापुरतीच सही केली. साहेब म्हणाला, "बाकीची पण तशीच असतील की." मॅडम म्हणाल्या, "असतील. मी बघितली नाहीत."

हे मी एवढं लांबवून सांगते, कारण नंतर लॅबवरून जे झालं ते ह्याच्यापेक्षा वेगळं नव्हतं. तीच बाई होती आणि तशीच सही मागत होते.

भूकंपानंतर काही वर्षांत लातूर ओळखू येईना. क्लासेसचं शहर झालं. चौकाचौकात पोरांच्या फोटोंचे बोर्ड लागले, खाली मार्क. हिमायतनगर, देगलूर, कुठकुठून पोरं ट्रंक घेऊन उतरायची. ज्यांना ओसरी होती त्यांनी ओसरीत खाटा टाकून होस्टेल काढलं. खालानंसुद्धा डबे सुरू केले. मला त्या पोरांचं वाईट वाटायचं, आणि कौतुकही. पहाटेपासून पाठ करत रस्त्यानं जायची. मी सहावीला सोडलेलं, आणि ही बघा. त्यांचं मी वाईट बोलणार नाही.

वाईट होतं ते दुसरंच. एक क्लासवाले सर होते. केमिस्ट्री अशी शिकवायचे की म्हणे पोरं टाळ्या वाजवायची. त्यांच्या क्लासची पोरं नावापुरता प्रवेश आमच्या कॉलेजात घ्यायची आणि दिवसभर क्लासमध्ये बसायची. कॉलेजला पोरं मिळायची, सरांना वेळ मिळायचा. मध्ये एकच अडचण होती, ती म्हणजे प्रॅक्टिकल. त्याचे मार्क कॉलेजनं द्यायचे. बाकीचे विषय पैकीच्या पैकी देऊन मोकळे झाले होते. मॅडम देत नव्हत्या.

क्लासवाले सर स्वतः आले. मी ओट्यावर ब्युरेट, त्या थेंब मोजायच्या लांब काचनळ्या, उलट्या करून ठेवत होते. सर गोड बोलणारे. "मॅडम, तुम्ही आम्हाला गुरुस्थानी. पण पोरांचे दोन तास म्हणजे दोन चॅप्टर असतात. ते गुलाबी रंग बघत बसण्यात घालवायचे का? पुढं डॉक्टर झाल्यावर कोण ब्युरेट विचारतंय?"

"डॉक्टर झाल्यावर थेंब मोजावे लागत नाहीत का?"

"तसं नव्हे..."

"सर, तुमची पोरं हुशार आहेत. एक थेंब जास्त पडला की सगळं वाया कसं जातं, ते त्यांना तोंडपाठ आहे. त्यांनी ते बघितलेलं नाही. जे त्यांनी बघितलेलं नाही त्याचे मार्क मी देणार नाही. लॅब सकाळी सातपासून उघडी असते, पाठवून द्या."

सर हसत गेले. पण पोरं आली नाहीत. यायच्या त्या आमच्या नेहमीच्या मुली, गावातल्या, क्लास न परवडणाऱ्या. त्या सातच्या आधीच पायरीवर येऊन बसायच्या आणि मी दिसले की ओरडायच्या, "आपा आल्या, आपा आल्या." मला सगळे आपाच म्हणायचे.

परीक्षा जवळ आली तशी संस्थेकडे पालकांची तक्रार आली. तक्रार अशी की लॅब कायम बंद असते, मॅडम प्रॅक्टिकल घेत नाहीत, म्हणून पोरांचं नुकसान होतं. खाली भराभर सह्या. चौकशी समिती बसली. लॅब बंद असते असं ठरलं की मॅडमना हटवायचं, आणि बंदच असलेलं ते मोठं दालन क्लासवाल्या सरांना वर्गासाठी द्यायचं, असं सगळं आधीच ठरलेलं होतं. कॉलेजातल्या पाखरांनापण ते माहीत होतं.

आदल्या दिवशी चिटणीस साहेबांनी, म्हणजे संस्थेच्या सचिवांनी मला बोलावलं. खुर्चीवर बसायला सांगितलं. मी कधी त्यांच्यासमोर बसले नव्हते. खुर्चीच्या कडेला टेकले.

"आपा, किती वर्षं झाली तुम्हाला टेंपरवारी?"

"लई झाली साहेब."

"आम्हाला वाईट वाटतं. ह्या वेळी कायम करायचं मनात हाय. उद्या तुम्हाला एकच विचारतील, लॅब उघडी असती का बंद असती. तुम्ही म्हणायचं, कधी उघडी, कधी बंद. खोटं थोडीच हाय? रविवारी बंद असतीच की."

मी मान हलवली. हो म्हणून हलवली का कशी, मला माहीत नाही. बाहेर आले. नोकरी गेली तर खालाच्या घरात किती दिवस राहायचं, हाच विचार. माणूस गरीब असला की धीट व्हायचं म्हटलं तरी आधी डोक्यावरचं छप्पर आठवतं.

लॅबमध्ये मॅडम मुलींच्या वह्या तपासत होत्या. त्यांना कळलं होतं मला बोलावल्याचं. त्यांनी विचारलं नाही. मलाच राहवलं नाही.

"मॅडम, तुमचे लई उपकार हायत माझ्यावर."

त्यांनी पेन खाली ठेवला. चेहरा बघून मला वाटलं आता हाकलतात.

"कसले उपकार? काचा धुतल्यास, पगार घेतलास. उद्या माझ्यासाठी म्हणून एक शब्द बोललीस तर मला चालणार नाही. तुला जे दिसलं ते सांग. काही दिसलं नसेल तर नाही दिसलं म्हण. आणि ही वही त्या खिडकीतल्या मुलीला दे, तिचं गणित चुकलंय."

बाईनं मला एवढंही करू दिलं नाही की मी तिच्यासाठी काहीतरी केलं असं मला म्हणता यावं. तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटतं, बरं झालं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत चिटणीस साहेब, एक संचालक, प्राचार्य आणि बाजूला क्लासवाले सर बसले होते. सर कशाला तिथं, हे कुणी विचारलं नाही. मॅडम भिंतीजवळच्या खुर्चीत, हातात त्यांची बाटल्यांची जुनी पिशवी. मला उभंच ठेवलं.

संचालकांनी विचारलं, "तुम्ही लॅबच्या अटेंडंट ना? सांगा, लॅब रोज उघडी असायची की बंद?"

चिटणीस साहेब माझ्याकडे बघत होते.

"उघडी होती," मी म्हणाले.

"म्हणजे कधी उघडी, कधी..." चिटणीस साहेब बोलले.

"रोज उघडी होती साहेब. रविवारी कुलूप असतंय. तेबी परीक्षेच्या आधी मुलींसाठी उघडतो. सकाळी मीच उघडते, संध्याकाळी मीच लावते. चाव्या माझ्याकडं हायत." मी कमरेचा जुडगा दाखवला.

"मग पोरांचं प्रॅक्टिकल का झालं नाही?"

"आली न्हाईत साहेब. ज्या मुली आल्या त्यांचं झालं."

क्लासवाले सर पुढं वाकले. आवाज गोडच होता. "बाई, तुम्ही सहावी पास. प्रॅक्टिकल झालं का नाही झालं, हे तुम्हाला कसं कळणार?"

"झालं की काचा मलाच धुवाव्या लागत्यात सर. तुमच्या पोरांची एकबी कधी धुतली न्हाई."

संचालक खोकले. प्राचार्य पंख्याकडे बघायला लागले. सर वहीत काहीतरी लिहीत राहिले, त्यांना काही फरक पडल्याचं दिसलं नाही. मला वाटलं आता काहीतरी मोठं होईल, पण चिटणीस साहेब एवढंच म्हणाले, "जा तुम्ही."

समितीनं सरळ कौल कधी दिलाच नाही. पण लॅब उघडी होती असं माझं म्हणणं कागदावर आलं होतं, आणि त्यामागं मुलींनी येऊन तेच सांगितलं. पंचवीस-तीस मुली खोलीबाहेर उभ्या राहिल्या, आत घ्या म्हणून. तक्रार पुढं रेटता येईना. मॅडम राहिल्या, दालनही राहिलं. मार्क पाहिजेत तर प्रॅक्टिकल करा, असं क्लासच्या पोरांना कळवावं लागलं.

मला मात्र महिनाअखेर सांगितलं की जागा भरायची नाही, चाव्या जमा करा. मॅडम भांडल्या. चिटणीस साहेबांच्या दारात उभं राहून भांडल्या, आवाज फाटकापर्यंत ऐकू येत होता. ह्या भांडणात त्या हरल्या. मग त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीला त्यांनी फोन केला. ती इथं तिरुपूरच्या रंगाईत मोठ्या हुद्द्यावर होती. कारखान्याच्या लॅबमध्ये काम आहे, रंगाऱ्याची पोरगी आहे, चाखून बघायची नाही एवढी खात्री मी देते, असं मॅडम तिला म्हणाल्या. मला मद्रासची गाडी कुठून सुटते हेपण माहीत नव्हतं.

चाव्या द्यायला गेले तेव्हा चिटणीस साहेब पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "ठेवा टेबलावर."

मी ठेवल्या. जायला वळले. मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत वळले.

"साहेब, सातला उघडायला सांगा. उशीर केलेला मॅडमला चालत न्हाई."

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणा साहेबाला काम सांगितलं. त्यांनी पेपर खाली घेतला तोवर मी जिन्यात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला नांदेडची बस धरायची होती. अब्बांना भेटून पुढं जायचं. पिशवी घेऊन निघाले, पण पाय कॉलेजकडे वळले. सात कधीच वाजून गेले होते. लॅबला कुलूप. पायरीवर नेहमीच्या मुली, आणि त्यांच्या मागं फाटकापर्यंत क्लासची पोरं. परीक्षा तोंडावर, वर्षभराचं प्रॅक्टिकल बाकी. कुणाचा बाप मोटरसायकलवर बसून हॉर्न वाजवतोय. पोरं दारावर थापा मारत होती, "उघडा, उघडा!"

मॅडम पायरीवर उभ्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "तू इथं काय करतेस? गाडी चुकंल तुझी."

"बघायला आले."

"बघ मग."

तेवढ्यात चिटणीस साहेबांची जीप आत आली. नव्या शिपायाला चाव्या द्यायच्याच राहिल्या असणार. साहेब उतरले तसा पालकांचा गराडा पडला. "साहेब, हे काय? आमच्या पोरांचं नुकसान होतंय! लॅब उघडत का न्हाई?"

मॅडम गर्दीतून वाट काढत पुढं गेल्या. त्यांनी पिशवीतून कोरा कागद काढला, पेन काढला आणि साहेबांच्या हातात दिला.

"लिहून घ्या साहेब," त्या म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "लॅब बंद आहे. माझी तक्रार."

आधी आमच्या मुली हसल्या. मग क्लासची पोरंपण हसली. त्यांना सगळं कळलं होतं का, माहीत नाही. साहेबांनी ड्रायव्हरला चाव्या आणायला पिटाळलं. तो धापा टाकत आला, पण त्याला कुठली चावी ते सापडेना. सगळ्या लावून बघायला लागला. मी पिशवी खाली ठेवली नाही. जागेवरूनच ओरडले, "लांबट दांड्याची! पितळी न्हाई, लोखंडी!"

दार उघडलं. पोरं एकदम आत घुसायला लागली तशा मॅडम उंबऱ्यात आडव्या झाल्या. दोन्ही हात चौकटीला.

"एकेक. आणि आत गेल्यावर आधी आपापली ब्युरेट धुवायची. आपा गेल्या. आता धुवायला कुणी नाही."